देवस्थानची वेबसाईट दिव्यांग भक्तांना वापरता यावी म्हणून काय काय करायचं, अगदी पहिल्यापासून

चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी मामांचा फोन आला. मामा ६८ वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर गेली त्याला आता सहा वर्षं झाली, पण टॉकबॅक (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी ॲन्ड्रॉइड फोनमधली सोय) लावून फोन झकास वापरतात, बँकेचं काम, लाईट बिल, रेल्वेचं तिकीट सगळं स्वतःचं स्वतः. नातवाचं जावळ होतं, त्यासाठी आमच्या गावच्या खंडोबाला अभिषेकाची वेळ घ्यायची म्हणून ते देवस्थानच्या वेबसाईटवर गेले होते आणि ती वेबसाईट मीच सांभाळतो. "अरे अर्धा तास झाला, हा नुसता बटन बटन म्हणतोय, कसलं बटन ते सांगतच नाही," असं म्हणाले. मी म्हटलं मामा फोन स्पीकरवर टाका, मला ऐकू द्या. आणि मग ऐकलं. आधी मागे मोठ्याने येळकोटचा गजर चालू, तो बंद कसा करायचा कळत नाही, त्याच्याखाली टॉकबॅकचा आवाज दबलेला, "इमेज, आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक नऊ...", मग "अनलेबल्ड, बटन", परत "अनलेबल्ड, बटन". शेवटी मीच त्यांचं बुकिंग करून दिलं, पण मामा जे म्हणाले ते डोक्यातून जाईना, की देवळात मी स्वतः चालत जातो, इथं मात्र तुझा हात धरावा लागला.

त्यानंतर दोन अडीच महिने रोज रात्री थोडं थोडं करत ती वेबसाईट सुधारली. मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही, वेबसाईट बनवायचं वर्डप्रेस येतं एवढंच. पण आपल्याकडे गावोगावच्या देवस्थानांच्या, दर्ग्यांच्या, चर्चच्या, बुद्धविहारांच्या, जैन मंदिरांच्या वेबसाईट माझ्यासारखीच मंडळी फावल्या वेळात सांभाळतात, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. उदाहरणं खंडोबाची आहेत कारण मला तेच माहीत आहे, तुम्ही आपापलं धरून चला.

सुरुवात करायच्या आधी: कुणासाठी करतोय

दिव्यांग म्हटलं की डोळ्यासमोर एकतर व्हीलचेअर येते नाहीतर पांढरी काठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साधारण २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदलेत, आणि ज्यांनी नोंदच केली नाही, म्हणजे चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणारी आजी, पार्किन्सनने हात थरथरणारे काका, हे त्यात नाहीतच. देवस्थानच्या वेबसाईटवर येणारी निम्मी माणसं याच वयाची असतात हे मला पुजारीबुवांनी सांगितलं, कारण फोन करून चौकशी करणारे सगळे तेच.

कायद्याचं पण दोन ओळीत सांगतो कारण ट्रस्टच्या मिटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच की हे आपल्याला लागू आहे का. या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' कशाला म्हणायचं त्या व्याख्येत धार्मिक कामासाठी वापरली जाणारी इमारतही सरळ लिहिलेली आहे, सरकारी असो वा खाजगी. आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने केवायसीच्या एका प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मी मात्र मिटिंगमध्ये कायदा काढलाच नाही, दुसरंच केलं, ते आता सांगतो.

पहिलं काम: डोळे मिटून तीन कामं करून बघा

कुठलंही टूल, कुठलाही प्लगइन घ्यायच्या आधी हे करा. तीन कामं ठरवा. आमची तीन होती: आज संध्याकाळची आरती किती वाजता आहे ते शोधणं, १०१ रुपये देणगी देणं, आणि पायऱ्या न चढता देवळात जाता येतं का ते कळणं.

आता ॲन्ड्रॉइड फोन घ्या, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक शोधा. पण चालू करायच्या आधी त्याच पानावर शॉर्टकट चालू करून ठेवा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं तीनेक सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक बंद होतो, नाहीतर पहिल्या वेळेला माणूस अक्षरशः अडकून बसतो. टॉकबॅकमध्ये एक टॅप केलं की नुसतं वाचून दाखवतो, दोनदा टॅप केलं की ते उघडतं, उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, आणि पान वर सरकवायला दोन बोटं लागतात. आयफोनला हेच व्हॉइसओव्हर. आवाज मराठी निवडा, गुगलच्या आवाजात मराठी आहे. मग स्क्रीनकडे न बघता, खरंच न बघता, ती तीन कामं करा.

मी आमच्या पाच विश्वस्तांना मिटिंगमध्ये हेच करायला लावलं, फोन मांडीवर ठेवून आणि डोळे मिटून. दहा मिनिटांत एकालाही आरतीची वेळ सापडली नाही. अध्यक्ष गप्प बसले आणि म्हणाले, काय लागेल ते कर. कायदा सांगून हे झालं नसतं.

कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर एनव्हीडीए (NVDA) नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, आहे, पूर्ण फुकट, २००६ पासून ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलेला. त्यात एच दाबलं की पानावरच्या पुढच्या हेडिंगवर जातो, टॅब दाबलं की पुढच्या लिंकवर किंवा बटनावर. आणि एवढं पण नको असेल तर माऊस काढून बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब, शिफ्ट टॅब, एन्टर या बटणांवर वेबसाईट वापरून बघा, हात नीट न चालणारी बरीच माणसं अशीच वापरतात. कर्सर कुठे आहे ते दिसलं पाहिजे, बऱ्याच थीममध्ये ती चौकट सुंदर दिसत नाही म्हणून काढून टाकलेली असते.

जिथे जिथे अडलात ते वहीत लिहा. पुढच्या कामांची यादी तीच.

दुसरं काम: मजकूर म्हणजे मजकूर, फोटो नाही

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा, कारण आपल्या देवस्थानांच्या वेबसाईटचा खरा रोग हाच आहे. जत्रेची पत्रिका प्रेसवाल्याकडून येते, ती जेपीजी तशीच चढवायची. पंचांगाचा फोटो, आरतीच्या वेळांच्या बोर्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो, अभिषेकाच्या दरपत्रकाचा फोटो. दिसणाऱ्याला सगळं आहे, न दिसणाऱ्याला त्या पानावर काहीच नाही. पत्रिका छान असते, तिचा फोटो ठेवा ना, पण खाली तेच सगळं टाईप करून लिहा. आमच्या जत्रेच्या पत्रिकेला टाईप करायला वीस मिनिटं लागली.

दुसरा प्रकार लपलेला असतो तो म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोड (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधी आपण सगळे ज्या फॉन्टमध्ये टाईप करायचो त्यात दिसायला मराठी असतं पण आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणजे निव्वळ बडबड. हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे: पानावरचा किंवा पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. तिथे नीट मराठी दिसलं तर बहुतेक करून स्क्रीन रीडरलाही नीट वाचता येईल, विचित्र चिन्हं आली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, आणि काही सिलेक्टच झालं नाही तर तो फोटो आहे. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात पण र्‍हस्व दीर्घ आणि जोडाक्षरं हाताने तपासा, आमच्याकडे 'म्हाळसा' दर ठिकाणी फुटली होती.

तिसरं, पान मराठीत आहे हे ब्राऊझरला सांगायला लागतं. पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये लँग (lang) नावाची जागा असते, तिथे एमआर (mr) पाहिजे. वर्डप्रेसमध्ये सेटिंग, मग जनरल, मग साईटची भाषा मराठी करा की ते आपोआप होतं. आमच्याकडे तिथे इंग्रजी होतं, त्यामुळे मामांचा फोन मराठी मजकूर कधी इंग्रजी आवाजात वाचायला जायचा, कधी सोडूनच द्यायचा. एका क्लिकचं काम होतं ते.

आणि आता बारीक पण महत्त्वाचं. आपण देवाधर्माचं लिहिताना संक्षेप फार वापरतो. 'मार्ग. शु. ६, सायं. ६.३०' असं लिहिलं की डोळ्यांनी वाचणारा मनातल्या मनात पुरं करून घेतो, मशीन तसं करत नाही, ते 'शु' म्हणतं, 'सायं' म्हणतं आणि वेळेचं काहीतरी भलतंच करतं. सरळ 'मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, संध्याकाळी साडेसहा वाजता' लिहा आणि पुढे इंग्रजी महिन्याची तारीख आणि वारही लिहा. 'ह.भ.प.' एकदा तरी 'हरिभक्त परायण' असं पूर्ण लिहा. हे केल्यावर शहरात वाढलेल्या नातवंडांचेही फोन कमी झाले, त्यांनाही 'शु.' कळत नव्हतंच.

तिसरं काम: फोटोंना शब्द द्या

प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्यायची जागा असते, वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत फोटो उघडला की बाजूलाच दिसते. ती रिकामी ठेवली की न दिसणाऱ्याला फोटोत काय आहे ते कळतच नाही, आणि पानाच्या कोडमध्ये ती जागाच नसेल तर बऱ्याचदा फाईलचं नावच वाचलं जातं, ते मामांच्या फोनवर ऐकलंच आपण.

पण तिथे 'खंडोबा फोटो' असं लिहून मोकळं होऊ नका. दर्शनाला आलेल्या माणसाला त्या फोटोत काय दिसलं असतं ते लिहा. आमच्या मुख्य पानावरच्या फोटोला मी पहिल्यांदा लिहिलं होतं 'देवाची मूर्ती'. मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, ते मला माहिती आहे रे, आज पूजा कशी बांधलीय ते सांग. मग लिहिलं: 'चैत्री पौर्णिमेची पूजा. खंडोबा आणि म्हाळसाचे चांदीचे मुखवटे, दोघांना झेंडूच्या माळा, खंडोबाच्या डोक्यावर लाल फेटा, समोर भंडाऱ्याने भरलेली परात.' ते ऐकून मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, परात पितळेची आहे ना अजून? मी 'पितळेची परात' असं करून टाकलं.

दोन ओळींपेक्षा जास्त लांबवू नका, आणि नुसती शोभेची नक्षी, वेलबुट्टी, घंटांच्या कमानी असतील तर तिथे पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवायचा (वर्डप्रेसमध्ये जागा रिकामी सोडली की चालतं, किंवा ती नक्षी बॅकग्राऊंडला टाका). जत्रेच्या अल्बममध्ये दोनशे फोटो असतील तर सगळ्यांना लिहीत बसायचं का? मी वीसच ठेवले, चांगले, आणि वीसच्या वीस फोटोंना लिहिलं. अल्बमही बघण्यासारखा झाला.

चौथं काम: रंग, अक्षर, हालचाल, आवाज

खंडोबा म्हणजे भंडारा, भंडारा म्हणजे पिवळा, म्हणून आमची वरची पट्टी पिवळी आणि त्याच्यावर पांढरी अक्षरं. वेबसाईट ॲक्सेसिबल करायचे जे जगभर मानलेले नियम आहेत, डब्ल्यूसीएजी (WCAG), त्यांची सध्याची आवृत्ती २.२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, त्यात एए (तीनपैकी मधल्या) पातळीला साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या ठळक अक्षराला ३ ला १ चालतो. आमच्या पिवळ्यावर पांढऱ्याचा निघाला १.४. केशरीवर पांढरं घेतलं तरी साधारण २.१ येतं, म्हणजे आपले दोन्ही लाडके रंग पांढऱ्या अक्षरांबरोबर नापास. पण पिवळा सोडायची गरज नाही, त्याच पिवळ्यावर गडद मरून अक्षरं केली तर ७.८ येतो आणि काळी केली तर जवळजवळ १५. आम्ही मरून घेतला, खूप शोभतो. हे मोजायला काँट्रास्ट चेकर म्हणून शोधा, फुकट असतात, दोन रंग टाकायचे की आकडा येतो.

देवनागरीचं थोडं वेगळं आहे, ते इंग्रजी गाईडमध्ये सापडत नाही. एक, त्याच साईजला देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं, मी १६ ऐवजी १८ ठेवलं. दोन, ओळींत अंतर जास्त लागतं कारण वर वेलांटी मात्रा आणि खाली उकार, दीड पट तरी ठेवा. तीन, अक्षरांत अंतर वाढवायची सेटिंग मराठी मजकुराला अजिबात लावू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, इंग्रजी थीममध्ये हेडिंगला ते बऱ्याचदा आधीच लावलेलं असतं ते काढा. फॉन्ट साधा घ्या, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट. कॅलिग्राफीचा फॉन्ट लोगोत ठेवा, वेळापत्रकात नको. आणि ब्राऊझरमध्ये २०० टक्के झूम करून बघा, काही कापलं गेलं का, एकावर एक आलं का.

आपोआप वाजणारा गजर बंद. मला माहीत आहे हे अवघड जाईल, आमच्याकडे पण दोन विश्वस्त म्हणाले की वेबसाईट उघडली की येळकोट ऐकू आलंच पाहिजे. मी मामांच्या फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं, देवाचा गजर त्यांच्या कानाला आणि वेबसाईटला जोडणारी एकुलती एक दोरी कापत होता. आता वर 'गजर ऐका' असं बटन आहे, ज्याला ऐकायचं तो दाबतो. नियम पण तोच आहे, तीन सेकंदांपेक्षा जास्त आपोआप वाजणारं काही असेल तर थांबवायची सोय हवी.

सरकती पट्टी ('जत्रेनिमित्त सर्व भाविकांचे हार्दिक स्वागत' वाली), आपोआप पुढे जाणारे फोटो, लुकलुकणारे दिवे: पहिल्या दोन्हींना थांबवायचं बटन द्या किंवा सरळ काढा, मी काढले. लुकलुकणारं तर नकोच, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणाऱ्या गोष्टीने फेफरं असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो.

पाचवं काम: बुकिंग आणि देणगीचा फॉर्म

मामा अडकले ते इथे. फॉर्ममध्ये चौकटीच्या आत फिकट अक्षरात 'नाव', 'गोत्र', 'मोबाईल' लिहिलेलं असतं, टाईप करायला लागलं की ते गायब होतं, मग मध्येच फोन आला तर परत आल्यावर कळत नाही की ही चौकट कशाची होती. प्रत्येक चौकटीच्या वर वेगळं लेबल पाहिजे आणि ते कोडमध्ये त्या चौकटीला जोडलेलं पाहिजे. चांगल्या फॉर्म प्लगइनमध्ये ते आपोआप होतं, फक्त 'लेबल लपवा' ही सेटिंग बंद ठेवा. बटनावर नुसतं चित्र नको, 'अभिषेकाची वेळ घ्या' असं लिहिलेलं पाहिजे. 'इथे क्लिक करा' अशा दहा लिंक असतील तर स्क्रीन रीडरच्या यादीत दहादा 'इथे क्लिक करा' ऐकू येतं, त्याऐवजी 'भक्तनिवासाचे दर बघा' लिहा.

गोत्र सक्तीचं कशाला ठेवलंय तेही एकदा विचारा. आमच्याकडे ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं आणि चूक झाली की नुसती चौकट लाल व्हायची, ज्याला रंग दिसत नाही त्याने काय समजायचं. चूक शब्दांत सांगा: 'मोबाईल नंबर १० आकडी पाहिजे, तुम्ही ९ आकडे लिहिलेत.'

वाकडीतिकडी अक्षरं ओळखा वाला कॅप्चा काढून टाका. रोबोट येतात ही भीती खरी आहे, पण त्याला लपलेली चौकट ठेवण्याची एक युक्ती आहे जी माणसाला दिसत नाही आणि रोबोट भरतो, फॉर्म प्लगइनमध्ये हनीपॉट नावाने मिळते. आमच्याकडे तेवढ्याने भागलंय.

देणगीसाठी सगळीकडे क्यूआर कोड असतो. आता विचार करा, ज्या फोनवर तो कोड उघडलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा, आणि कोड कुठे आहे हेच दिसत नसेल तर दुसऱ्या फोनने तरी कसा करायचा. कोड राहू दे, खाली देवस्थानचा यूपीआय आयडी मजकुरात लिहा, शेजारी 'कॉपी करा' बटन द्या, बँकेचा खाते नंबर आणि आयएफएससी पण मजकुरात. पैसे पाठवताना कुणाचं नाव दिसेल तेही लिहा, म्हणजे फसवणूक नाही याची खात्री करता येते, न दिसणाऱ्या माणसाला ही भीती आपल्यापेक्षा जास्त असते. पेमेंटचं पान दुसऱ्या कंपनीचं असेल तर तेही डोळे मिटून तपासा, तिथे अडत असेल तर कंपनीला लिहा आणि तोवर यूपीआयचा रस्ता वर ठेवा.

बोटं थरथरतात त्यांच्यासाठी बटनं मोठी आणि लांब लांब ठेवा. नियमात किमान २४ पिक्सेल आहे, मी ४४ ठेवलंय. आणि पाच मिनिटांत फॉर्म रिकामा होतो ती वेळ वाढवून घ्या.

सहावं काम: ऐकू न येणाऱ्यांसाठी

आमच्या वेबसाईटवर संपर्क म्हणजे फक्त फोन नंबर होता. कर्णबधिर माणसाने काय करायचं? तोच नंबर व्हॉट्सॲपवर चालू केला आणि 'मेसेज केला तरी चालेल' असं लिहिलं, ई-मेल दिला. खर्च शून्य.

व्हिडिओचं काम मात्र खरंच वेळखाऊ आहे. जागरण गोंधळाचा, कीर्तनाचा व्हिडिओ यूट्यूबवर असतो, त्याला यूट्यूब स्टुडिओत जाऊन मराठी सबटायटल हाताने घालता येतात. एक तासाच्या कीर्तनाला मला तीन रात्री लागल्या. म्हणून सगळे जुने व्हिडिओ करत बसू नका, आधी माहितीचे छोटे व्हिडिओ करा (देवळात कसं यायचं, जत्रेत गाडी कुठे लावायची), मग दरवर्षीचं मुख्य कीर्तन. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे काम द्या, आवडीने करतात, आमच्याकडे दोघी बहिणी करतात आणि वाद्य वाजतं तिथे त्या '(संबळ आणि तुणतुणं वाजतंय)' असंही लिहितात, ते मला सुचलं नव्हतं.

लक्षात ठेवा की जन्मापासून ऐकू न येणाऱ्या पुष्कळ जणांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी ही त्यांची दुसरी भाषा. म्हणून वाक्यं छोटी ठेवा. जत्रेच्या माहितीचा एक दोन मिनिटांचा व्हिडिओ भारतीय सांकेतिक भाषेत करून घेता आला तर फारच चांगलं, जिल्ह्याच्या कर्णबधिर शाळेत विचारा.

सातवं काम: देवळात पोचता येतं का ते खरं खरं लिहा

हे पान जवळजवळ कुठल्याच देवस्थानच्या वेबसाईटवर नसतं. व्हीलचेअर, कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) वापरणाऱ्या माणसाला वेबसाईट वाचता येते, त्याचा प्रश्न वेगळा असतो, की मी तिथपर्यंत आलो तर परत तर फिरावं लागणार नाही ना.

आमचं पान असं आहे. पुढच्या दारातून ६२ पायऱ्या, डाव्या हाताला कठडा, उजव्या हाताला नाही. मागच्या कच्च्या रस्त्याने गाडी दीपमाळेपर्यंत येते, पावसाळ्यात चिखल असतो. दीपमाळेपासून सभामंडपात जायला तीन पायऱ्या, तिथे लाकडी उतार ठेवलाय, चढाला थोडी मदत लागते. गाभाऱ्याचा उंबरा ९ इंच आहे, व्हीलचेअर आत जात नाही, सभामंडपातून समोर दर्शन होतं. व्हीलचेअर एक आहे, ऑफिसात मागावी. कमोडचं शौचालय भक्तनिवासाच्या तळमजल्यावर, दरवाजा ३० इंच रुंद. सोमवती अमावास्येला आणि चंपाषष्ठीला फार गर्दी असते, शांत दर्शन हवं असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी या.

टेप घेऊन मोजलंय सगळं. 'दिव्यांगांसाठी सोय उपलब्ध' या एका वाक्यापेक्षा '९ इंच उंबरा' हे कितीतरी कामाचं आहे, कारण माणूस स्वतः ठरवू शकतो. जे नाही ते नाही असंच लिहा.

एका गोष्टीवर आमची मिटिंग लांबली. चपला बाहेर काढायच्या, मग कॅलिपरचा बूट, जयपूर फूट, कुबड्यांचं रबर, व्हीलचेअरची चाकं यांचं काय. आधी असं व्हायचं की दारावरचा माणूस त्याच्या मनाने ठरवायचा आणि दहा जणांसमोर बोलणं व्हायचं. पुजारीबुवा म्हणाले, ज्याचा पायच तो आहे तो पाय बाहेर ठेवून कसा येईल. ठराव झाला की हे सगळं सभामंडपात चालेल, हवं तर दारात ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, आणि तो ठराव जसाच्या तसा वेबसाईटवर आणि दारावर लावला. तुमच्याकडचा निर्णय वेगळा असू शकतो पण तो आधी घ्या आणि लिहा, माणसाला दारात कळायला नको.

एक सावधानता

तुम्ही हे काम करताय कळलं की कुणीतरी सांगेल, एवढं कशाला, एक विजेट टाका, कोपऱ्यात माणसाचं चिन्ह येतं, त्यात अक्षर मोठं, रंग उलटे, सगळं होतं. टाकू नका. न दिसणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच, त्याला वरून दुसरं काही नको असतं, त्याला खालचं पान नीट हवं असतं, आणि कधी कधी ही विजेटं त्याच्या स्क्रीन रीडरच्या मधे मधे येतात. एका अशाच कंपनीने 'आमचं विजेट टाकलं की कुठलीही वेबसाईट नियमात बसते' असा दावा केला म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण खात्याने तिला १० लाख डॉलर भरायला लावले. तसंच 'दिव्यांगांसाठी वेगळी वेबसाईट' पण करू नका. ती दोन महिन्यांत शिळी होते, जत्रेची बदललेली तारीख मुख्य वेबसाईटवर येते आणि तिकडे जुनीच राहते.

नंतर कोण बघणार

हे एकदा करून संपत नाही कारण उद्या कुणीतरी परत पत्रिकेचा फोटो चढवतोच. आम्ही तीन नियम कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीला चिकटवलेत: फोटोबरोबर मजकूर, फोटोला वर्णन, संक्षेप नाही. आणि प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ: 'ही वेबसाईट वापरताना काही अडलं तर या नंबरवर फोन, मेसेज किंवा व्हॉइस मेसेज करा.' महिन्याला एक दोन येतात. जत्रेच्या आधी एकदा खऱ्या वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, जवळच्या अंधशाळेतल्या शिक्षकांना विचारलं तर नाही म्हणत नाहीत, पण त्यांचा वेळ घेताय तर मानधन द्या, नुसता नारळ आणि शाल नको.

आमच्याकडे तपासणी मामाच करतात. गेल्या सोमवती अमावास्येला त्यांनी स्वतः अभिषेकाची वेळ घेतली, सात मिनिटांत, मला सांगितलं पण नाही. संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला, की बुकिंग झालं, पैसे पण गेले, फक्त ती पावती जी आलीय ना पीडीएफ, ती काही बोलत नाही रे, मुकी आहे. बघितलं तर पावती म्हणजे सही शिक्क्यासकट स्कॅन केलेला फोटोच. आता ई-मेलमध्येच पावती नंबर, नाव, रक्कम, तारीख आणि वेळ मजकुरात जाते आणि पीडीएफ सोबत जोडलेली असते. तुमची पण पावती एकदा उघडून बघा, कॉपी पेस्टची युक्ती तिथेही चालते.